धूळ, तेल आणि मीठ: मुंबईच्या घरातले दिवे कसे पुसायचे, कसे राखायचे

स्वयंपाकघरातला दिवा मंद वाटायला लागला म्हणून गेल्या वर्षी मी 9 वॅटचा एलईडी बल्ब काढून 12 वॅटचा लावला. चार महिन्यांत तोही मंद. नवरात्राआधीच्या साफसफाईला घोड्यावर, म्हणजे दोन बाजूंना पाय असलेल्या शिडीवर, चढले तेव्हा शेड हाताला चिकटली. बाहेरून फोडणीचा पिवळट, मेणचट थर, त्यात रुतलेली धूळ, आणि आत तळाशी पावसाळी किड्यांचा मूठभर ढीग. शेड धुतली, जुना 9 वॅटचाच बल्ब परत लावला आणि कोथिंबीर निवडताना पिवळी पानं पुन्हा दिसायला लागली. तेव्हापासून आमच्याकडे नवा बल्ब आणण्याआधी शेड पुसायची असा नियम आहे.

मुंबईत दिव्यांवर तीन तऱ्हेची घाण बसते. पहिली धूळ. शेजारची इमारत पाडून टॉवर उभा राहत असेल तर तिची ओळख करून द्यायला नको. ही कोरडी असते आणि कोरड्यानेच काढायची. ओलं फडकं लावलंत की तिचा चिखल होतो. दुसरं तेल. ते कोरड्या फडक्याने फक्त इकडून तिकडे पसरतं, त्याला साबण हवा. तिसरं मीठ. समुद्रावरच्या वाऱ्यातून येणारं हे मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण हवेतला ओलावा ओढून घेतं आणि धातू सतत दमट ठेवतं. आम्ही माहीमला समुद्रापासून दोन गल्ल्या आत राहतो, तरी बाल्कनीतल्या दिव्याचे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून गेले. मीठ कोरडं पुसून जात नाही. ते साध्या गोड्या पाण्यात विरघळवूनच काढावं लागतं. कुठल्या दिव्यावर काय बसलंय हे आधी ओळखा, म्हणजे अर्धं काम झालं.

वेळ कधीची? सगळ्या घराचे दिवे वर्षातून दोनदा: एकदा मेच्या अखेरीस, पाऊस लागण्याआधी, आणि एकदा पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास. स्वयंपाकघराला मात्र दर दीड-दोन महिन्यांनी हात लावा. तेल ताजं असताना दहा मिनिटांत निघतं, वर्षभराने तासभर खातं.

वीज आधी, फडकं नंतर

"बटण बंद केलंय ना?" एवढं विचारून आपण स्टुलावर चढतो. तेवढं पुरत नाही. बटण फेजच्या, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या, वायरवर असायला हवं, पण जुन्या चाळींतल्या वायरिंगमध्ये, आणि घाईत उरकलेल्या नव्या कामांतही, ते न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरवर, जोडलेलं सापडतं. अशा ठिकाणी बटण बंद केल्यावर दिवा विझतो, होल्डरमध्ये मात्र 230 व्होल्ट तसेच उभे असतात. याची एक खूण सांगते: बटण बंद असूनही एलईडी बल्ब रात्री काजव्यासारखा मंद पेटत राहिला तर न्यूट्रलवरचं बटण हे त्याचं कारण असू शकतं. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणाऱ्या किंचित करंटनेही असंच होतं, त्यामुळे लगेच घाबरू नका, पण वायरमनला एकदा दाखवा.

म्हणून मेन स्विच बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा बंद करा. हे हमखास विसरलं जातं. मेन पाडली की इन्व्हर्टर समजतो, वीज गेली. आणि तुम्ही होल्डरला हात लावण्याच्या बेतात असताना तो इमानदारीने दिव्यांना वीज द्यायला लागतो. मग टेस्टर घ्या. मेन बंद करण्याआधीच तो एखाद्या चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का ते बघून ठेवा, आणि मेन बंद झाल्यावर होल्डरमध्ये लावा. न पेटणाऱ्या टेस्टरचे दोन अर्थ होतात, वीज नाही किंवा टेस्टरच बिघडलाय, आणि दुसरा अर्थ महागात पडतो.

दिवे आता लागणार नाहीत, पंखेही नाहीत, तेव्हा हे काम सकाळी लवकर, उजेडात आणि घाम फुटायच्या आत करा. नुकता बंद केलेला दिवा 10-15 मिनिटं निवू द्या. गरम काचेला गार ओलं फडकं लागलं की ती तडकते.

चढायला घोडाच. फिरती खुर्ची नको, पलंगाची कड नको, आणि प्लास्टिकचं स्टूल तर नकोच. खाली कोणीतरी घोडा धरायला आणि उतरवलेली शेड हातात घ्यायला असू द्या. पायात कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे. खाली जुनी चादर अंथरा, म्हणजे हरवलेला स्क्रू सापडतो. आणि फरशी त्या दिवशी शेवटी पुसा. आधी फरशी आणि मग दिवे करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना दोनदा पुसावी लागते.

शेड उतरवणं आणि धुणं

उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठला स्क्रू कुठे होता आणि कुठली बाजू भिंतीकडे होती ते दोन तासांनी आठवत नाही. छताच्या घुमटासारख्या काचेला बहुतेक वेळा कडेला तीन स्क्रू असतात. एक पूर्ण काढून मग दुसरा असं करू नका, काच एका बाजूने कलते. तळहात खाली धरून तिन्ही थोडे थोडे सैल करा. स्क्रू वाटीत टाका.

आतले मेलेले किडे आधी कोरडे झटका, मग पाणी. काचेची शेड बेसिनमध्ये धुवायची झाली तर तळाशी जुना टॉवेल घाला. साबणाच्या हातातून निसटणारी काच स्टीलवर आपटली की संपलं. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड एवढं बहुतेक शेडना पुरतं. स्वयंपाकघरातला जुना, डिंकासारखा झालेला राप असेल तर त्याच पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला, हातमोजे घाला, आणि शेड पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मग जुन्या बनियनच्या फडक्याने सहज निघतो. कडेच्या खाचांना जुना टूथब्रश. तारेची घासणी कशालाच नको.

हा सोडा ॲल्युमिनियमला मात्र लावू नका. ट्यूबच्या वरची चकचकीत रिफ्लेक्टरची पत्री, काही स्पॉटलाइटच्या कडा ॲल्युमिनियमच्या असतात. सोड्याने त्या काळवंडतात आणि ती चकाकी परत येत नाही. सोनेरी नक्षी किंवा रंग दिलेल्या काचेलाही सोडा नको, नुसतं साबणाचं पाणी.

आता प्लास्टिकच्या शेडबद्दल, कारण तिथे मी स्वतः माती खाल्ली आहे. हॉलमधलं दुधी ॲक्रिलिकचं झाकण मी हौसेने आरशाच्या स्प्रेने पुसलं. दिसायला लख्ख झालं. काही आठवड्यांनी स्क्रूच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा उमटल्या, आणि दिवा लागला की त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसायच्या. असल्या स्प्रेमध्ये अल्कोहोल किंवा अमोनिया असतो, आणि ताण असलेल्या जागी ॲक्रिलिकला तो चिरा पाडतो. थिनर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, सगळे त्याच घराण्यातले. प्लास्टिकला फक्त साबणाचं पाणी. आणि धुतल्यावर कोरड्या फडक्याने खसाखसा घासू नका. घासल्याने त्यावर स्थिर वीज तयार होते आणि संध्याकाळपर्यंत ते घरातली धूळ स्वतःवर गोळा करतं. किंचित दमट मऊ फडक्याने टिपा आणि हवेवर वाळू द्या.

वाळणं हा मुंबईतला खरा अडथळा. पावसाळ्यात धुतलेली शेड तासाभराने कोरडी दिसते, पण कडेच्या पन्हळीत पाणी असतं. ते आत बंद केलंत की होल्डरचे पितळी पॉइंट हिरवे होतात. शेड रात्रभर पंख्याखाली ठेवा. त्या एका रात्री उघडा बल्ब चालतो.

जे उतरत नाही त्याला, म्हणजे होल्डरची बैठक, भिंतीवरच्या दिव्याचा दांडा वगैरे, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि मागोमाग कोरड्याने. स्प्रे दिव्यावर कधीच मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. होल्डरच्या आत तर ओलं काही नकोच. तिथे कोरडा मऊ ब्रश, बस.

ट्यूब, पट्टी, पॅनेल

जुनी चोक-स्टार्टरची ट्यूब अजून कित्येक घरांत आहे. ती 90 अंश फिरवली की दोन्ही टोकांच्या पिना खाचेच्या तोंडाशी येतात आणि मग ती अलगद खाली येते. जोर लावावा लागत असेल तर पुरती फिरलेली नाही. काच दमट फडक्याने पुसा, दोन्ही टोकांची धातूची टोपणं आणि पिना कोरड्या ठेवा. पट्टीच्या मागे पालीचा संसार असतो. हे लक्षात ठेवून चढा, म्हणजे ती अंगावर आली तरी हातातली ट्यूब सुटत नाही. टोकं काळी पडली असतील तर ट्यूबचं आयुष्य सरत आलंय. टोकं स्वच्छ असून लुकलुकत असेल तर आधी स्टार्टर बदलून बघा, तो स्वस्त आहे. चोक घूं-घूं करत असेल तर तिचे स्क्रू सैल झालेले असतात किंवा चोकच जुनी झालेली असते. पण चोकवर आता पैसे घालू नका. 36 वॅटची ट्यूब आणि वर चोक खाते ती वीज, यापेक्षा 20 वॅटची एलईडी पट्टी परवडते.

ट्यूब किंवा जुना सीएफएल फुटला तर केरसुणी घेऊन धावू नका. आत थोडा पारा असतो. पंखा, एसी बंद, खिडक्या उघड्या, मुलांना घेऊन 10-15 मिनिटं खोलीबाहेर. मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला, जागा ओल्या कागदाने पुसा, आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याने पारा हवेत पसरतो. बरणी ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायची, सुक्या कचऱ्यात नाही. न फुटलेल्या जुन्या ट्यूबनाही हेच लागू.

एलईडी पट्टी आणि बल्ब उघडून साफ करायची गरज नसते, पण त्यांच्या पाठीकडे लक्ष द्या. एलईडी बल्ब बहुधा दिव्याच्या मण्यांमुळे मरत नाही, आतल्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणाऱ्या सर्किटमुळे, मरतो, आणि ड्रायव्हरला मारते उष्णता. पाठीच्या खाचांत धुळीचं पांघरूण बसलं की उष्णता बाहेर पडत नाही. कोरड्या रंगाच्या ब्रशने त्या खाचा मोकळ्या करा. पूर्ण बंद घुमटात जास्त वॅटचा एलईडी लावला तर तो लवकर जातो, याचंही कारण हेच. माझा 12 वॅटवाला तिथे फार दिवस टिकला असता असं वाटत नाही.

फॉल्स सीलिंगमधले गोल-चौकोनी पॅनेल दोन स्प्रिंगांवर अडकलेले असतात. काढताना सारखं दोन्ही बाजूंनी खाली ओढा आणि स्प्रिंगमध्ये बोट सापडू देऊ नका. ती उंदराच्या सापळ्यासारखी मिटते. पीओपीची कड ओल्या फडक्याने पुसू नका, डाग पडतो. नुसतं पुसायचं असेल तर पॅनेल न काढता पुसलेलं बरं. एखादं लुकलुकायला लागलं तर बहुतेक वेळा सोबतचा छोटा डबा, म्हणजे ड्रायव्हर, गेलेला असतो आणि तो वेगळा मिळतो. दुकानात जाताना जुना डबा सोबत न्या. नुसते वॅट सांगून आणू नका; त्यावर लिहिलेले मिलिअँपिअर आणि व्होल्टची रेंज जुळायला हवी. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत दिव्यांच्या सामानाचा घाऊक बाजार आहे, जे नाक्यावरच्या दुकानात मिळत नाही ते तिथे शोधा. पूर्ण पॅनेल बदलायचं असेल तर रंगाचा आकडाही बघून घ्या. 3000 केल्विन पिवळसर, 6500 पांढरा. चारांतलं एकच वेगळ्या पांढऱ्याचं लागलं की पाहुण्यांची नजर नेमकी तिथेच जाते.

बाल्कनी आणि बाथरूम

इथे मीठ आणि वाफ. वर्षातून दोनदा हे मुंबईच्या बाल्कनीला कमी पडतं, दर दोन महिन्यांनी पाच मिनिटं द्या. मेन बंद, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दिव्याचा धातू पुसा, फडकं खळबळून पुन्हा पुसा, मग कोरडं. स्क्रूच्या डोक्यांवर आणि आट्यांवर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. पुढच्या वेळी ते स्क्रू निघतील. ही जेली होल्डरमध्ये किंवा वायरीवर लावायची नाही. गंजलेले स्क्रू बदलायचेच आहेत तर स्टेनलेस स्टीलचे आणा.

दिव्याच्या कडेची रबरी पट्टी बघा. ती कडक होऊन तुटायला लागली की पाणी आत जातं. बैठक आणि भिंत यांच्यामधली फट सिलिकॉनने बुजवायची असेल तर वरून आणि दोन्ही बाजूंनी बुजवा, खालची मोकळी ठेवा. वरून झिरपलेलं पाणी खालून निघून जाऊ दे. काही दिव्यांना तळाशी मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, ते कंपनीची चूक समजून बुजवणारे महाभाग आहेत. नवा दिवा घेताना आयपीचा आकडा वाचा: आयपी 44 म्हणजे उडणारे शिंतोडे सोसणारा, आयपी 65 म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारा. पावसाची झड थेट येते त्या बाल्कनीला मी 65च घेईन.

जुलैत पाऊस लागला की आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळायला लागली की पुरवठा तोडणारा मेन बोर्डातला स्विच, पडते असा अनुभव असेल तर बाल्कनीतला दिवा हा पहिला संशयित. त्या दिव्याची एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्या लाइनचा छोटा स्विच, बंद ठेवून आरसीसीबी टिकते का ते बघा. टिकली तर दिवा वाळेपर्यंत आणि वायरमन बघेपर्यंत ती एमसीबी वर करू नका. "सारखी पडते म्हणून आरसीसीबी काढूनच टाका" असा सल्ला देणारा माणूस भेटतोच. 30 मिलिअँपिअरची ती वस्तू तुमच्या जिवासाठी आहे. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

बाथरूममधल्या आरशावरच्या क्रोमच्या दिव्याला फरशीचं ॲसिड लावू नका, दमट फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. आणि वरच्या मजल्याच्या बाथरूममधून झिरपून तुमच्या छतातल्या दिव्याभोवती तपकिरी कडं आलं असेल किंवा घुमटात पाणी साचलं असेल, तर तो साफसफाईचा विषय नाही. एमसीबी बंद, वायरमन, आणि मग सोसायटीत शेजाऱ्यांशी जे काय बोलायचं ते.

पितळ, झुंबर, कापड

पितळी दिव्याला चिंच किंवा पितांबरी लावण्याआधी त्यावर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, थर आहे का ते बघा. मागच्या, न दिसणाऱ्या जागी थोडी पावडर घासा. फडकं काळं झालं तर पितळ उघडं आहे, खुशाल घासा, पण दिव्याचा तो भाग सुटा करून, आणि नंतर धुऊन पूर्ण कोरडा करून. फडकं काळं झालं नाही तर लॅकर आहे. ते घासून काढलंत तर आमच्यासारख्या हवेत पितळ ठिपक्याठिपक्यांनी हिरवं पडतं. तिथे नुसतं दमट फडकं.

झुंबराच्या काचा एकेक काढून धुण्याचा उत्साह मला नाही. दोन्ही हातांत सुती मोजे, एक दमट आणि एक कोरडा, आणि लोलक बोटांत धरून पुसत जायचं. झुंबर गोल फिरवू नका, आपण घोडा हलवून भोवती फिरायचं. वरची वायर पिळवटते. कापडाच्या आणि वेताच्या शेडना कोरडा ब्रश, बुरशीचा वास आला तर ऊन.

हे बघितलं की थांबा

पुसता पुसता होल्डर करपलेला दिसला, वायरीचं रबर हात लावताच भुगा होऊन पडलं, छताचा हुक गंजून बारीक झालेला दिसला, किंवा कधीही दिव्याच्या धातूला हात लागून झिणझिण्या आल्या असतील, तर फडकं खाली ठेवा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. दोन पिनांच्या होल्डरमधल्या स्प्रिंगा उष्णतेने मऊ होतात, मग बल्ब चरचरतो, लुकलुकतो आणि पॉइंट काळे पडतात. लोक बल्ब बदलत राहतात. बदलायचा असतो तो होल्डर.

परत लावताना स्क्रू काचेवर करकचून आवळू नका. काच तापून किंचित फुगते, तिला जागा हवी. बल्बच्या टोपणावर मार्करने तारीख लिहा, वॉरंटीसाठी दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. मग मेन चालू करा, आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. ती खटकन पडली पाहिजे. पडली नाही तर ती निकामी आहे, वायरमनला सांगा. पडली तर वर करा, इन्व्हर्टर चालू करा, आणि दिवे एकेक लावून बघा. आमच्या एमसीबीच्या डब्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे: कुठली एमसीबी कुठल्या खोलीची, आणि खाली शेवटचे दिवे पुसल्याच्या तारखा. स्वयंपाकघरापुढची तारीख बघून आत्ता मला घोडा काढावा लागणार आहे.